उद्भवापासून उंबऱ्यापर्यंत

गावाला पाणी मिळालं, असं आपण कधी म्हणतो? विहिरीला झरा लागला, बोअरमधून फवारा उडाला किंवा टँकर वेशीत येऊन थांबला, की म्हणतो. नारळ फुटतो, फोटो निघतो आणि दफ्तरी काम पूर्ण झाल्याची नोंद होते. चुलीपाशी मात्र अजून थेंबही पोचलेला नसतो. तिथवरचं अंतर बाया डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन तोडतात, खेपांवर खेपा करतात, आणि त्या कष्टाची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही. पाणी जमिनीतून शोधण्यावर, धरणात अडवण्यावर, पाइपातून नेण्यावर मराठीत भरपूर लिहिलं गेलं आहे. उद्भवापासून उंबऱ्यापर्यंतच्या या शेवटच्या टप्प्यावर फार थोडं लिहिलं गेलं. ही पुस्तिका त्या टप्प्याविषयी आहे. तो हलका करणारी साधी साधनं कोणती, ती कशी चालतात, कुठे चालत नाहीत आणि त्यांची निवड कोणी करायची, हे पुढच्या पानांत सांगितलं आहे.

पुस्तिकेचं लक्ष धाराशिव जिल्ह्यावर आहे, आणि त्याला कारण आहे. बालाघाटच्या डोंगररांगेवर आणि तिच्या दोन्ही उतारांवर वसलेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा दोन खोऱ्यांत विभागला आहे. भूम-परंड्याकडचं पाणी सीनेतून भीमेकडे जातं, तर कळंब-लोहाऱ्याकडचं मांजरा आणि तेरणेतून गोदावरीकडे. जिल्हा पाणलोटाच्या माथ्याशी असल्यामुळे येणारं पाणी कमी आणि वाहून जाणारं जास्त. पाऊस वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आगेमागे पडतो, पण सरासरीवर शेती होत नाही आणि हंडाही भरत नाही. पायाखाली काळा बेसाल्ट. या खडकात पाणी राहतं ते भेगांमध्ये आणि वरच्या झिजलेल्या मुरमाच्या थरात, त्यामुळे साठा तोकडा. पावसाळ्यानंतर तुडुंब असलेली विहीर फेब्रुवारी-मार्चात तळाला जाते. मग बाईची वाट लांबत जाते. आधी घरामागचा आड आटतो, मग गावची विहीर, मग हापसा खडखडायला लागतो आणि शेवटी कुणाच्या तरी मळ्यातली बोअर गाठावी लागते.

१९७२ चा दुष्काळ अजून घराघरांत आठवणीने सांगितला जातो. त्यानंतर २०१२-१३ चा आला, मग २०१४ आणि २०१५ अशी सलग दोन कोरडी वर्षं आली. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहरासाठी मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे सुटली. १२ एप्रिलला पोचलेल्या पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. कुर्डुवाडी, बार्शी मागे टाकून ती याच जिल्ह्यातल्या धाराशिव, ढोकीच्या रुळांवरून गेली. देशभर त्या गाडीची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण पाणी साडेतीनशे किलोमीटर रुळांवरून आणणारी यंत्रणा टँकरच्या नळीपाशी येऊन थांबते आणि पुढचं काम घरातल्या बाईवर सोडून देते, याची चर्चा तेव्हाही झाली नाही.

टंचाई आराखडा हातात घेऊन पाहा. ऑक्टोबर ते जून या काळासाठी जिल्हा प्रशासन तो दरवर्षी करतं. नवीन विंधन विहिरी, जुन्या नळ योजनांची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक नळ योजना, खाजगी विहिरींचं अधिग्रहण, बुडक्या घेणं, विहिरीतला गाळ काढणं, टँकर किंवा बैलगाडीने पुरवठा, असे उपाय त्यात असतात. यादी अनुभवातून तयार झालेली आहे आणि तिने अनेक गावं तगवली आहेत. पण ती पाण्याच्या ठिकाणापाशी, फार तर चौकातल्या नळापाशी संपते. त्या ठिकाणाहून घरी पाणी कोण नेणार, कशात नेणार, किती वेळात नेणार, हे प्रश्न तिथे नाहीत. ते गृहीत धरलेले आहेत. गृहीत धरलेल्या गोष्टीवर पैसा खर्च होत नाही आणि तिच्यात सुधारणाही होत नाही.

हिशेब साधा आहे. जल जीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला जाहीर झालं. त्याचं माप माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. पंधरा लिटरचा हंडा धरला तर अठरा-एकोणीस हंडे. पाणी अर्धा किलोमीटरवर असेल तर एका खेपेला जाऊन-येऊन एक किलोमीटर, म्हणजे रोज अठरा किलोमीटरची चाल, त्यातली निम्मी ओझ्याखाली. एवढं कोणी चालत नाही. म्हणून घर कमी पाण्यात भागवतं. भांडी राखेने घासून फडक्याने पुसली जातात, आंघोळी दिवसाआड होतात, कपडे आठवड्यावर जातात, आणि पाळीच्या दिवसांतही बाई स्वतःच्या वाट्याचं पाणी सगळ्यात आधी कमी करते. टंचाईत टँकरचं माप तर माणशी २० लिटरवर येतं. त्यातही या जिल्ह्यात गोठा आहे. उस्मानाबादी शेळी ही इथली ओळख, आणि दोन-चार शेळ्या म्हणजे बाईची हक्काची शिल्लक. उन्हाळ्यात एका शेळीला चार-पाच लिटर पाणी लागतंच. ते पाणीही त्याच हंड्यातून येतं.

जनगणनेत २०११ साली घरोघरी विचारलं गेलं की पिण्याचं पाणी आवारात आहे, जवळ आहे की लांब आहे. ग्रामीण भागात ‘लांब’ धरलं गेलं ते ५०० मीटरच्या पुढचं. त्याआधी, त्वरित ग्रामीण पाणीपुरवठा कार्यक्रमाच्या काळात, मैदानी भागात १.६ किलोमीटरच्या आत सोय नसेल तरच गाव समस्याग्रस्त मानलं जाई. ही मापं अंतराची आहेत. त्यांत खेपा धरलेल्या नाहीत, रांगेतला वेळ नाही, चढ नाही आणि डोक्यावरचं वजनही नाही. ४०० मीटरवरच्या हापशाला दोन तास रांग असेल तर कागदावर ते घर सुखी ठरतं. म्हणून या पुस्तिकेत आम्ही वेगळी मोजणी सुचवली आहे. दिवसाच्या खेपा किती, एका खेपेला रांग धरून वेळ किती, एका वेळी वजन किती, आणि खेपा करणारी व्यक्ती कोण, हे चार प्रश्न प्रत्येक घराला विचारायचे. शाळेच्या वहीत, बचत गटाच्या बैठकीत एका आठवड्यात गावाचा तक्ता तयार होतो. साधन कोणतं घ्यावं याचं उत्तर निम्मं त्या तक्त्यातच मिळतं.

चौथा प्रश्न सर्वात महत्त्वाचा आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२३ मध्ये जगभराचा जो आढावा घेतला, त्यात आवारात पाणी नसलेल्या दर दहा घरांपैकी सातांत पाणी आणण्याची जबाबदारी प्रामुख्याने बाया आणि मुलींवर असल्याचं दिसलं. धाराशिवच्या कुठल्याही गावाला यात नवल वाटणार नाही. दिवाळीच्या सुमारास कळंब, वाशी, भूम, परंड्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. मागे राहतात म्हाताऱ्या आणि शाळेतली पोरं. टंचाईच्या महिन्यांत हंडा मग आजीच्या किंवा दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर येतो. पाण्याच्या पाळीमुळे सकाळची शाळा बुडते, आणि हजेरीपटावर त्याचं कारण लिहिलेलं नसतं.

साध्या तंत्रज्ञानाची चर्चा सुरू झाली, की बाहेरून आलेल्या एखाद्या नव्या वस्तूकडे बोट दाखवलं जातं. मला आधी एका जुन्या, सर्वांच्या नजरेखालच्या वस्तूचं उदाहरण द्यायचं आहे. संत गोरा कुंभारांचं तेर याच जिल्ह्यात, तेरणेच्या काठी. मातीच्या घागरींनी पिढ्यान् पिढ्या पाणी वाहिलं. मग तांब्या-पितळेचे हंडे आले, लग्नात मिळाले, घडवंचीवर मिरवले. रिकामा पितळी हंडा तीन-चार किलोचा भरतो. त्यानंतर स्टील आलं आणि पाठोपाठ रंगीत प्लॅस्टिकची घागर आली, जिचं रिकामं वजन किलोभरही नाही. बारा-पंधरा लिटर पाण्यामागे दर खेपेला तीन किलो कमी झाले. ही घागर कुठल्या योजनेतून आली नाही, तिचं कोणी उद्घाटन केलं नाही, वाटपाचा कार्यक्रमही झाला नाही. आठवडी बाजारात बायांनी ती उचलून पाहिली, किंमत विचारली आणि घेतली. तिचे दोष आहेतच. उन्हाने ती चिरते, पाणी तापतं, आतून शेवाळ धरते. तरी तिचा धडा मोलाचा आहे. ज्या साधनाची पारख वापरणारी स्वतः करते, ते टिकतं. जे दुसरा कोणी तिच्यासाठी ठरवतो, ते बऱ्याचदा गोठ्यात दाण्यागोट्याला वापरलं जातं.

पाणी आणणं हे एकच काम वाटतं, पण त्याचे चार तुकडे आहेत. पाणी वर काढणं, भरलेलं भांडं उचलणं, ते वाहून नेणं आणि घरी साठवणं. पुस्तिकेची चार प्रकरणं याच क्रमाने आहेत, कारण प्रत्येक तुकड्याचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं.

पहिलं प्रकरण वर काढण्याचं. अजूनही कित्येक विहिरींवर दोर थेट दगडी काठावरून ओढला जातो. काठावर दोराच्या खाचा पडलेल्या दिसतात, इतक्या पिढ्यांनी तो ओढला आहे. अशा वेळी पोहऱ्याचं वजन अधिक काठाशी होणारं घर्षण, असं दुहेरी ओढावं लागतं आणि तेही विहिरीवर वाकून, ओल्या दगडावर पाय रोवून. टँकरचं पाणी विहिरीत ओतलं जातं त्या दिवशी तर चारही बाजूंनी दोर पडतात आणि एखादीचा तोल जाईल अशी झुंबड होते. इथे एक चांगली कप्पी पुरेशी आहे. वजन तेवढंच राहतं, पण दोर वरून खाली ओढायचा असल्याने अंगाचा भार कामी येतो, कंबर सरळ राहते आणि बाई काठापासून हातभर मागे उभी राहते. कप्पीला बेअरिंग असावं, आडवा दांडा कठड्याच्या पुरेसा आत यावा आणि कठडा कमरेइतका उंच असावा, या तीन गोष्टी पाळल्या की झालं. हातभर दांड्याचा, फिरवायचा रहाट बसवला तर जोर आणखी कमी लागतो. टँकर येणाऱ्या गावात तर पाणी विहिरीत ओतूच नये. उंच ओट्यावर प्लॅस्टिकची टाकी बसवून खाली चार-सहा तोट्या काढल्या, की शेंदण्याचं काम पूर्णपणे वाचतं आणि पाणी गढूळही होत नाही.

हापसा हे याच प्रकरणातलं मोठं नाव, आणि त्याचा इतिहास आपल्या दारातला आहे. साठ-सत्तरच्या दशकात गावोगाव बोअर घेतल्या गेल्या आणि त्यांवर घरगुती वापराचे बिडाचे पंप बसवले गेले. दिवसभर शे-दोनशे माणसांचा मार त्यांना सोसवेना आणि ते धडाधड मोडले. यावर तोडगा निघाला तो मराठवाड्यात आणि सोलापुरात. आधी जालना पंप, मग सोलापूर पंप. पोलादी बांधणी, एकाच खिळीवर फिरणारा दांडा आणि दांड्याच्या टोकाला साखळी, ही त्याची वैशिष्ट्यं. त्याच सोलापूर पंपाच्या पायावर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी इंडिया मार्क टू हा हातपंप उभा केला. पुढे तो आफ्रिकेपर्यंत गेला, आणि जगात सर्वाधिक पसरलेल्या हातपंपांत त्याची गणना होते. सोलापूर म्हणजे तुळजापूरहून तासाभराची वाट. जगाला हापसा देणारा हा मुलूख आहे, हे इथल्या शाळांत शिकवलं गेलं पाहिजे.

पण मार्क टूची एक अडचण बायांच्या वाट्याला आली. त्याचा दट्ट्या चालतो त्या नळकांड्याचा व्यास वरच्या उभ्या पाइपापेक्षा मोठा आहे. त्यामुळे आतलं साधं वायसर झिजलं तरी नळकांडं पाइपातून वर येत नाही. तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकेक करून वर ओढायचे, शिकंजात धरायचे, पाना लावून सोडवायचे. तीस मीटर खोलीवर असे दहा पाइप, प्रत्येकी नऊ-दहा किलोचा, शिवाय आतल्या सळया आणि पाणी. त्याला चार-पाच माणसं आणि पंचायत समितीची दुरुस्तीची गाडी लागते. गाडी येईपर्यंत लांबच्या खेपा सुरू. काही रुपयांच्या चामडी वायसरासाठी आख्ख्या वस्तीचे दिवस खर्ची पडतात. यावर मार्क थ्री हा सुधारित पंप ऐंशीच्या दशकात तयार झाला. त्याचा उभा पाइप रुंद असतो, त्यामुळे पाइप जागेवर ठेवून दट्ट्या आणि झडप सळईसकट वर काढता येते. दोन बायका थोड्या हत्यारांनिशी ते काम करतात. राजस्थानात आणि उत्तर प्रदेशातल्या बांदा भागात हातपंप दुरुस्त करणाऱ्या बायांची पथकं उभी राहिली आणि त्यांनी हे सिद्ध केलं. रुंद पाइप महाग आणि जड असतो, खूप खोल बोअरला तो सोयीचा नाही, हेही पुस्तिकेत नमूद केलं आहे. मात्र नवा हापसा बसवताना ‘बिघडला तर उघडणार कोण?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दुसरं प्रकरण उचलण्याचं आहे आणि ते सर्वांत लहान आहे, कारण त्याचं उत्तर दीडशे विटांत मिळतं. भरलेला हंडा जमिनीवरून डोक्यावर नेणं हा सगळ्या खेपेतला सर्वात अवघड क्षण. मान, खांदे, कंबर एकाच वेळी ताणली जातात. गरोदर बाईला आणि म्हातारीला ते एकटीने जमत नाही, दुसरीची वाट पाहावी लागते. हापशाशेजारी किंवा नळाशेजारी कमरेच्या उंचीचा आणि छातीच्या उंचीचा असे दोन टप्प्यांचे ओटे बांधले, तर हंडा आधी कमरेला, तिथून छातीला आणि मग चुंबळीवर सरकतो. सिमेंट, विटा आणि गवंड्याचा एक दिवस, एवढंच लागतं. अनेक ठिकाणी नळकोंडाळं बांधताना हा ओटा वगळला जातो, कारण नकाशा काढणाऱ्याने कधी हंडा उचललेला नसतो.

तिसरं प्रकरण वाहण्याचं. दक्षिण आफ्रिकेत १९९१ मध्ये दोन अभियंत्यांनी नव्वद लिटरचं, जमिनीवरून ढकलत नेण्याचं पिंप तयार केलं. ते ‘हिप्पो रोलर’ म्हणून ओळखलं जातं. त्याच देशात थोड्याच काळाने मधोमध भोक असलेला, दोरीने ओढायचा पन्नास लिटरचा ‘क्यू ड्रम’ आला. पंचेचाळीस-पन्नास लिटरची तशी चाकं पुढे भारतातही तयार झाली. तत्त्व सोपं आहे. पाणीच चाक बनतं, भार जमिनीवर राहतो, आणि बाई फक्त दांडा धरून पुढे लोटते. सपाट, कडक वाटेवर पन्नास लिटर पाणी एका हाताने सरकतं. घराच्या अठरा खेपा सहावर येतात. मान मोकळी राहते.

तरी हे चाक सर्वत्र चालत नाही, आणि ते स्पष्ट सांगणं आमचं कर्तव्य आहे. मुरमाड वाट असलेल्या माळावरच्या गावात ते उत्तम. पावसाळ्यात काळ्या रानातल्या पाऊलवाटेवर चिखल त्याला लपेटून बसतो. बालाघाटच्या चढावर भरलेलं चाक ढकलणं म्हातारीला झेपत नाही आणि उतारावर ते हातातून सुटतं. घराला चार पायऱ्या असतील तर पायरीपाशी ते रिकामं करावं लागतं. खडकाळ वाटेवर प्लॅस्टिक घासून पातळ होतं. म्हणून वाटप करण्याआधी दोन चाकं महिनाभर गावात फिरवावीत, वेगवेगळ्या वयाच्या बायांनी ती वापरावीत, आणि मगच ठरवावं. एखाद्या वाडीला दुचाकी हातगाडा किंवा सायकलला अडकवायचे कॅन जास्त सोयीचे पडतील. कधी सर्वात चांगलं साधन म्हणजे वाट सरळ करून तिच्यावर टाकलेला मुरूम असेल.

चाकाचा एक परिणाम मात्र लिटरांच्या पलीकडचा आहे. मराठवाड्यातलं कुठलंही गाव उन्हाळ्यात पाहा. सायकलच्या दोन्ही बाजूंना घागरी अडकवून पाणी नेणारी पोरं दिसतील, मोटारसायकलवर कॅन बांधलेला बाप दिसेल. डोक्यावर हंडा घेतलेला पुरुष क्वचितच दिसेल. काम तेच, पाणी तेच. त्याला चाक लागलं की पुरुषाला ते करायला कमीपणा वाटत नाही. त्याच्या मनातला हा कमीपणा जावा यासाठी बोलत राहायलाच हवं. पण तोवर जे साधन घरातलं काम वाटून घ्यायला लावतं, त्याला साधं म्हणू नये. ओझं हलकं होणं आणि ओझं वाटलं जाणं या दोन्ही गोष्टी हव्यात. बाईची खेप सोपी झाली म्हणून तिच्या माथी आणखी दोन खेपा आल्या, तर साधनाने काहीच साधलं नाही.

चौथं प्रकरण साठवणीचं, आणि त्यात छतावरच्या पावसाला मोठी जागा दिली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाने लातूर आणि या जिल्ह्यातला उमरगा-लोहाऱ्याचा भाग उद्ध्वस्त केला, सुमारे आठ हजार माणसं गेली. जाड दगडमातीच्या भिंती आणि माळवदाची जड छतं माणसांवर कोसळली. पुनर्वसनात घरांची छतं बदलली. मातीचं माळवद गेलं, स्लॅब आणि पत्रे आले. माळवदावरचं पाणी पिण्याजोगं नसे. पत्र्यावरून आणि स्लॅबवरून ते साठवता येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीस चौरस मीटरच्या पत्र्यावर कमी पावसाच्या वर्षी, समजा, चारशे मिलिमीटर पडला आणि वीस टक्के वाया गेला, तरी साडेनऊ हजार लिटर हाती येतात. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी दहा लिटर धरले तर पाच जणांच्या घराला रोज पन्नास लागतात. म्हणजे पाच हजार लिटरची बंद टाकी शंभर दिवस पुरते. ती पावसाळ्यात भरून ठेवली आणि १ मार्चला उघडली, तर जूनचा पहिला आठवडा गाठते. टंचाईचे तेच महिने. पहिल्या पावसाचं पाणी सोडून देणं, पन्हळीला जाळी लावणं, टाकीला घट्ट झाकण असणं, पाण्यात क्लोरीन टाकणं, ही पथ्यं पाळावीच लागतात. नाहीतर डास आणि जुलाब घरात येतील. टाकीचा खर्च गरीब घराला एकदम झेपत नाही, म्हणून बचत गटाच्या कर्जाची आणि दोन-तीन घरांच्या सामाईक टाकीची पद्धतही मांडली आहे.

भूकंपाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी. घरांच्या दुरुस्तीच्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बाया ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे आल्या. प्रेमा गोपालन यांनी उभ्या केलेल्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने ते काम बांधलं. कधी उंबऱ्याबाहेर न बोललेल्या बाया अभियंत्याला भिंतीतल्या बांधणीबद्दल प्रश्न विचारू लागल्या, घरमालकांना हिशेब समजावू लागल्या. पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच भागातल्या बायांनी कुटुंबाच्या जमिनीतला एकेक एकर मागून घेतला आणि कमी पाण्यात भाजी, कडधान्यं, ज्वारी पिकवली. २०१६ मध्ये या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. ज्यांनी भूकंपानंतर घरांची दुरुस्ती तपासली, त्यांच्या हातात हापशाचा पाना देताना विचार कसला करायचा?

आणखी एक गोष्ट सोडून चालणार नाही. गावात हापसा कुठे बसला, नळाची शेवटची तोटी कुठे संपली आणि टँकर कुठे थांबतो, यावर कुणाच्या खेपा जास्त हे ठरतं. वेशीबाहेरची वस्ती, पारधी पेढी, तांडा, शिवारातली एकट्या बाईची झोपडी शेवटी येतात. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क हा माणूसपणाचा हक्क म्हणून मांडला. त्याला शतक होत आलं. चाकं वाटायची असोत की ओटे बांधायचे असोत, सुरुवात गावाच्या शेवटच्या घरापासून झाली पाहिजे.

या साधनांच्या आडून नळाची जबाबदारी कोणी झटकू नये. चाक हे नळाला पर्याय नाही. घरात, आवारात, भरवशाचं आणि शुद्ध पाणी हा प्रत्येक घराचा हक्क आहे आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०१० ला पाण्याला मानवी हक्क म्हणून मान्यता दिली आहे. जल जीवन मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढली आहे. पण नळ बसला म्हणजे पाणी आलं असं होत नाही. चार-आठ दिवसांनी येणारं पाणी, दाब नसल्याने खड्डा खणून खाली उतरवलेली तोटी, तिच्याखाली वाकून तांब्या-तांब्याने भरलेलं टिपाड, हेही ओझंच आहे. उद्भव आटला तर नळ कोरडाच राहणार, आणि हंडा पुन्हा बाहेर निघणार. म्हणून उद्भवाची जपणूक, पिकांची निवड आणि बोअरवरचा लगाम या मोठ्या कामांना ही पुस्तिका पर्याय देत नाही. ती एवढंच म्हणते की मोठी कामं पुरी होईपर्यंत एका बाईची मान आणि एका मुलीची शाळा वाट पाहू शकत नाही.

पुस्तिका कशी वापरावी? सर्वप्रथम खेपांचा तक्ता करा. तो महिला सभेत वाचा, कारण ग्रामसभेआधी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे आणि पाणी समितीत निम्म्या जागा बायांच्या आहेत. समितीत नाव असणं आणि पैशावर सही असणं यात फरक पडतो, तेव्हा साधनांच्या खरेदीचा ठराव त्याच सभेतून जाऊ द्या. वस्तू घेण्याआधी वापरून पाहा. दुरुस्तीचं साहित्य, म्हणजे वायसर, साखळी, पाने, टाकीची झाकणं, गावातच ठेवा आणि ते कोणाकडे आहे हे पंचायतीच्या भिंतीवर लिहा. दोन मुलींना आणि दोन बायांना दुरुस्ती शिकवा, त्यांना मोबदला द्या, फुकट राबवू नका. सहा महिन्यांनी तक्ता पुन्हा करा. खेपा कमी झाल्या का, कोणाच्या झाल्या, वाचलेल्या वेळेचं काय झालं, याची उत्तरं लिहून ठेवा. एखादं साधन कुचकामी ठरलं तर तेही लिहा, म्हणजे शेजारचं गाव त्यावर पैसा घालणार नाही.

आणि एक मागणी, जी प्रत्येक गावाने आपल्या ठरावात घालावी. यंदाच्या ऑक्टोबरात टंचाई आराखडा तयार होईल तेव्हा त्यात एक रकाना वाढवा : पाण्याच्या ठिकाणापासून घरापर्यंतची वाहणूक. त्याखाली वस्तीचं नाव, रोजच्या खेपा, खेपा करणाऱ्यांची वयं आणि सुचवलेलं साधन लिहा, समोर रक्कम टाका. या कष्टावर कागदोपत्री पहिला रुपया मंजूर झाला, की बाईचं पाणी भरणं यापुढे कुणालाही गृहीत धरता येणार नाही.